उजेडी पैठणीची घडी

शाल्मलीची आई सांगायची, तिच्या लहानपणी घरात टीव्ही आला तेव्हा आधी त्याला झबलं शिवलं होतं. भलाथोरला खोका, मागे पोट सुटलेलं, आणि वर क्रोशाची झालर लावलेलं कापड, त्यावर लोकरीचा राघू. बातम्या संपल्या की कापड खाली सोडायचं. उघडा पडदा म्हणे बरा दिसत नाही. पुढे त्या खोक्याचं पोट गेलं, तो भिंतीला टेकला आणि अंगावरचं कापडही गेलं. मग तो आणखी वाळला, काचेतून निघून पातळ पत्र्यात आला, वाकू लागला, चटईसारखा गुंडाळता येऊ लागला. आणि शाल्मलीचं लग्न झालं त्या सुमाराला तो चक्क सुतात शिरला. ज्याला आपण कापडाखाली झाकत होतो, तोच कापड झाला. आईला हे सांगितलं तेव्हा ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती. "आता त्याच्यावर झाकायला एखादा टीव्ही आणा!" म्हणाली.

तसं पाहिलं तर यात जादू काही नव्हती. त्या पोट सुटलेल्या खोक्यात मागून इलेक्ट्रॉनांचा मारा व्हायचा आणि काचेच्या आतल्या लेपाला जिथे मार बसेल तिथे तो उजळायचा. सपाट पडदे आले तेव्हा मागे दिवा आणि पुढे लाखो बारीक झडपा अशी व्यवस्था होती. झडप उघडली की ठिपका उजळ, मिटली की काळा. नंतर झडपाही गेल्या, कारण ठिपका स्वतःच दिवा झाला. आणि एकदा ठिपका स्वतःच्या बळावर पेटायला लागला म्हटल्यावर त्याला काचेत डांबून ठेवण्याचं कारणच उरलं नाही. एका सुतावर उजळणारा लेप चढवायचा, दुसरं सूत वीज वाहून नेणारं घ्यायचं आणि दोन्ही एकमेकांवरून उभी-आडवी घालायची. जिथे सुताला सूत शिवेल तिथे एक ठिपका. म्हणजे ताणा आणि बाणा. पडदा आता कारखान्यात ओतायचा नव्हता, विणायचा होता.

आणि विणायचा म्हटल्यावर गाडी आली येवल्याला. यंत्रमागाचा हिसका त्या लेप दिलेल्या सुताला सोसेना, ते तडातडा तुटायचं. हातमागावर मात्र निमूट चालायचं. किरणसूत कंपनीची माणसं गल्लोगल्ली फिरली, पैठणीच्या मागांवर हे नवं सूत चढलं आणि त्या साडीला गावानं आपलं नाव देऊन टाकलं, उजेडी. कंपनीनं दिलेलं लांबलचक नाव पाकिटावरच राहिलं.

उजेडीला बॅटरी नव्हती. नेसणारीच्या अंगाची ऊब आणि तिची हालचाल एवढ्यावर ती उजळायची. कपाटात ठेवली की राखाडी, ओशाळल्यासारखी पडून राहायची. अंगावर आली की काठावर मोर फिरायचे, पदरावर राघू उडायचे, आणि रंग कुठला तर तुमच्या मनात येईल तो. अडचण एकच होती. भिंतीवरचा पडदा सपाट असतो, आपला कुठला ठिपका कुठे आहे ते त्याला ठाऊक असतं. साडीला निऱ्या असतात, चुण्या असतात, खांद्यावरून वळण असतं. मोराचं डोकं निरीच्या आत आणि पिसारा बाहेर, असं झालं तर काय उपयोग? म्हणून सुतावर एक मऊ लेप होता. साडी पहिल्यांदा दिवसभर नेसली की नेसणारीच्या अंगाची ऊब आणि चालण्या-बसण्यातला ताण यांनी तो लेप जागोजागी बसत जायचा, नवी चप्पल पायाला बसते तसा. संध्याकाळपर्यंत तो कायमचा घट्ट व्हायचा. पुढे ती साडी त्या बाईला ओळखायची आणि तिच्या चालीबरोबर मोर फिरवायची.

पाकिटात सूचना होती, साडी जिची तिनंच पहिल्यांदा नेसावी.

किरणसूतच्या कचेरीत पुढे वर्षभर तक्रारींचा पाऊस पडला आणि त्यातल्या बहुतेक आपल्याकडच्या. मोर तुटतात, राघू पदराबाहेर पडतात, काठ पोटावर येतो. दूरदेशी बसलेल्या त्यांच्या शास्त्रज्ञांनी सूत तपासलं, लेप तपासला, हवामानसुद्धा तपासलं. या बाया स्वतःची नवी साडी आधी दुसरीच्या अंगावर का चढवतात हे त्यांच्या डोक्यात यायला कुठलं! घडी मोडणं हा प्रकार त्यांना कुणी तरी समजावून सांगितला तेव्हा ते म्हणे बराच वेळ एकमेकांकडे पाहत राहिले. मग सूचनेत ठळक अक्षरांत एक ओळ वाढली, की घडी कुणाकडूनही मोडून घेऊ नये.

शाल्मलीच्या वेळी ती ओळ नव्हती. आणि असती तरी तिनं तिच्याकडे कानाडोळाच केला असता.

तिच्या मागावरून उतरलेली ती पहिली उजेडी. कंपनीनं विणकरणीच्या भावात तिलाच देऊ केली. घरी आणून तिनं ती देवापुढे ठेवली, हळद-कुंकू लावलं आणि तशीच उचलून दोन गल्ल्या पलीकडे ताईकडे निघाली. तिचा नवरा धनेश पाकीट वाचत बसला होता.

"अगं, इथं लिहिलंय, जिची साडी तिनं आधी नेसावी."

"लिहिणाऱ्याला बहीण नसेल," शाल्मली चपला घालत म्हणाली.

ताई म्हणजे यामिनी, तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. आई कामावर जायची तेव्हा शाल्मलीची वेणी घालण्यापासून तिला शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं ताईनंच केलेलं. साडी पाहून तिनं आधी हात मागे घेतले.

"वेडी का तू? तुझ्या हातची पहिली साडी. तूच नेस की."

"घडी तू मोड, मग मी नेसेन. आजवर माझी कुठली साडी तुझ्याआधी नेसलेय मी?"

ताईनं डोळे पुसले, हसली आणि साडी घेऊन आत गेली. शाल्मलीला मागावर जायचं होतं, ती थांबली नाही. दिवे लागायच्या वेळी परत आली तर ताई अंगणात उभी होती आणि अंगणभर मोरपंखी उजेड हलत होता. तुळशीवर, विटांच्या भिंतीवर, वाळत घातलेल्या लंगोटांवर.

ताईला नुसतं उभं राहता यायचंच नाही. ती झुलायची. वजन या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर, रेशनच्या रांगेत असो की आरतीला. लेक नभा झाल्यापासून तर जास्तच. आता ती तशीच झुलत होती आणि तिच्या झुलण्याबरोबर काठावरचे मोर एकामागोमाग एक, अगदी आळीपाळीनं, मान वळवत होते. शाल्मली दारात उभी राहून पाहत राहिली. आपल्या हातून असं काही विणलं गेलंय यावर तिचा विश्वास बसेना.

"नभा कुठंय?"

"आत्ता झोपली. दात येतायत, दिवसभर नुसती किरकिर. मी आपली साडी मिरवत हिंडले घरातल्या घरात." ताईनं पदर पसरून दाखवला. "शालू, हे राघू बघ गं. माझ्याकडे बघतायत."

त्याच वर्षी भादव्यात ताई गेली. तापाचं निमित्त झालं. नाशिकला नेईपर्यंत सगळं आटोपलं. नभा तेव्हा चालायलाही लागली नव्हती. तिचे वडील जामनगरला नोकरीला होते, तान्ह्या पोरीला तिकडे कोण बघणार? शाल्मलीनं तिला उचलून घरी आणलं आणि त्याबद्दल कुणी वेगळी चर्चा केली नाही. बोलायला लागल्यावर पोरीनं मावशीची माऊ केली, ती कायमचीच.

ताईचं वर्ष झाल्यावर दिवाळीला शाल्मलीनं पहिल्यांदा ती साडी नेसली. मोर तुटले होते. चोच इथे, पिसारा तिथे, राघू निऱ्यांत अडकलेले. आणि डाव्या कमरेवर, ताटलीएवढ्या जागेत, मिट्ट काळोख. तिथे ठिपका म्हणून पेटत नव्हता. घरभर उजेड हलत होता आणि त्यात ते एक भोक. साडी ताईला ओळखते हे एव्हाना तिला कळलं होतं, तुटलेल्या मोरांचं तिला काही वाटलं नाही. पण ते भोक? ते आपल्या हातचं, असं ती धरून चालली. कुठेतरी सूत तुटलं असेल, आपण गाठ चुकीची मारली असेल, त्या संध्याकाळी ते पदराआड दिसलं नसेल आणि ताईनं बिचारीनं बोलून दाखवलं नसेल. आपण ताईच्या अंगावर फाटका उजेड चढवला या विचारानं तिला गलबलून आलं. तिनं साडी उतरवली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिली.

वर्षं गेली. पडदे इतके सर्वत्र झाले की पडदा हा शब्दच मागे पडला. भिंती उजळू लागल्या, छतं उजळू लागली. नभा मोठी होऊन नाशकात लोकांच्या भिंती सजवून द्यायचं काम करू लागली. कुणाला बैठकीत समुद्र हवा, कुणाला गावाकडचा आंब्याचा पार. गेलेली माणसंही भिंतीवर येत, पुरी उंचीची, खोल, चारी बाजूंनी दिसणारी. नभानं ते कौशल्य दुसऱ्यांसाठी पुष्कळ वापरलं. स्वतःच्या भिंतीवर आईला तिनं एकदाच आणलं होतं आणि थोड्या वेळानं विझवून टाकलं.

मार्गशीर्षात तिचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच कामातला, साधा, बोलका. खरेदीच्या गडबडीत एक दिवस ती येवल्याला आली आणि जेवता जेवता म्हणाली, "माऊ, आईची उजेडी मला दे. लग्नात नेसते."

"घे की. पण तिचे मोर नीट पडायचे नाहीत तुझ्यावर."

"तेच तर. आता नीट करून मिळते. किरणसूतची गाडी येते घरी. साडी भट्टीत ठेवली की लेप मऊ होतो, जुनं सगळं विसरतो. मग मी पहिल्यांदा नेसायची. माझी होईल ती."

शाल्मलीचा घास हातातच राहिला. धनेशनं तिच्याकडे पाहिलं आणि भाताचं पातेलं उगाचच पुढे सरकवलं.

"विसरतो म्हणजे ताईचं सगळं जाईल?"

"आईचं असं काय आहे त्यात? एक दिवस नेसली होती ती. एक दिवस, माऊ."

"तोच आहे गं तिच्यात."

नभानं ताट बाजूला सारलं. "तुला आई आठवते. बाबांना आठवते. गल्लीतल्या दूधवाल्यालासुद्धा आठवते. मला? व्हिडिओ पाहिलेत मी सगळे. त्यात ती तुझ्याशी हसते, बाबांशी बोलते, केक कापते. माझ्याशी काहीच नाही. मी कुठंतरी पाळण्यात पडलेली असते. भिंतीवर उभी केली ना, तर माझ्या खांद्यावरून पलीकडे बघते. निदान तिची साडी तरी मला ओळखू दे."

या पोरीनं आजवर हट्ट म्हणून काही मागितलं नव्हतं. आणि आता मागत होती ते तिच्याच आईचं होतं. शाल्मली म्हणाली, "बोलाव गाडी."

आधी तपासणीला देवधर नावाचा एक तरुण आला. त्यानं साडीवरून एक चपटं यंत्र फिरवलं आणि मान डोलावली. "सूत उत्तम आहे. विणकाम कुणाचं?"

"माझंच. पण ते कमरेवरचं बघा. तिथं माझी गाठ चुकलीय."

त्यानं पुन्हा यंत्र फिरवलं. "नाही हो काकू, गाठबीठ नाही. सूत सलग आहे. तेवढी जागा जरा जास्त ऊब शिकलीय आणि थोडा भार. तेवढं मिळाल्याशिवाय तिथले ठिपके पेटायचे नाहीत. त्या बाईंना कंबरदुखी होती का? गरम पाण्याची पिशवी बांधून साडी शिकवलेली पाहिलीय मी एकदा."

"असेल," शाल्मली म्हणाली. ताईनं कधी कंबर दुखते म्हटल्याचं तिला आठवेना. पण ताई तरी कधी काय दुखतं ते सांगायची? गाठ चुकली नव्हती एवढं ऐकून तिच्या छातीवरचं ओझं मात्र उतरलं, आणि नेमकं त्याचमुळे साडी देववेना.

"उद्या दुपारी गाडी येईल," देवधर म्हणाला. "एकदा भट्टीत गेली की मागचं परत आणता येत नाही. तेवढी सही लागेल तुमची."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, धनेश पत्रिका वाटायला बाहेर पडला, नभा पुढच्या खोलीत कुणाशीतरी फोनवर बोलत होती. शाल्मलीनं मधल्या खोलीच्या खिडक्या लावल्या. दुपार एकदम मऊ, अंधुक झाली. ट्रंकेतून साडी काढून तिनं नेसायला घेतली. जाणाऱ्या माणसाला निरोप देताना आपण एकदा मिठी मारतोच की.

हळूहळू ऊब लागली आणि साडी जागी झाली. आधी निळसर धुकं, मग मोरपंखी, मग काठाला सोनं. मोर तसेच तुटके. शाल्मली आरशासमोर उभी राहिली आणि तिला वाटलं, ताई कशी उभी राहायची बरं? डोळे मिटले तर समोर अंगण आलं, तुळस आली, वाळत घातलेले लंगोट आले. तिनं वजन उजव्या पायावर टाकलं. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या. घाईनं नाही, पाळण्याला लयीत झोका द्यावा तसं. डावीकडे जरा जास्त रेलून, मान किंचित त्याच बाजूला.

डोळे उघडले तर मोर जुळत होते.

चोच मानेला येऊन लागली. मान पिसाऱ्याला लागली. निऱ्यांत अडकलेले राघू एकेक करून सुटले आणि पदरावर जाऊन बसले. खोलीभर तो जुना मोरपंखी उजेड झुलायला लागला, छतावर, फडताळावर, तिच्या स्वतःच्या हातांवर, आणि क्षणभर तिला कळेना की झुलतंय कोण. ती थांबली की मोर विस्कटत. ती झुलली की ताई खोलीत होती. फक्त डाव्या कमरेवरचा काळोख होता तसाच होता.

"माऊ?"

नभा दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर निळा उजेड येत होता, जात होता.

"तुझी आई अशी उभी राहायची," शाल्मली झुलतच म्हणाली. आता थांबायची तिची छाती नव्हती.

"हे व्हिडिओत नाहीये."

"नसणारच. कॅमेरा दिसला की ती ताठ व्हायची, शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तशी. ही अशी, घरातली, कुणी टिपलीच नाही बघ. या साडीनं तेवढी."

नभा पुढे आली. तिनं काठाला हात लावला, मोर तिच्या बोटांवरून चालत गेला. मग नभा उघड्या ट्रंकेचं झाकण लावून त्यावर बसली आणि लहानपणी शाळेतून रडत आली की करायची तेच तिनं केलं. मावशीच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि गाल तिच्या डाव्या बगलेखाली, कमरेवर, गच्च दाबून धरला. शाल्मली झुलत राहिली. तिच्याबरोबर पोरही झुलत राहिली.

आधी एक ठिपका पेटला. मग त्याच्या शेजारचा. नभाच्या गालाभोवती सोनेरी कडं उमटलं, ते पसरलं, आणि इतकी वर्षं मिटलेली ती ताटलीएवढी जागा सगळी उजळून निघाली. कुठल्याही मोराहून उजळ. काठावरचे मोर तिच्याकडे माना वळवून झुलू लागले, पदरावरचे राघू खाली उतरले, जणू साडीची सगळी नक्षी त्याच एका जागेभोवती काढलेली होती.

शाल्मलीला अंगणातली ताई आठवली. दात येतायत, दिवसभर नुसती किरकिर. ती किरकिर ताईनं दिवसभर कुठे बाळगली असणार? आणि ती मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई! गरम पाण्याची पिशवी कसली! तू होतीस तिथं."

"काय?"

"घडी मोडली त्या दिवशी तू कडेवर होतीस तिच्या. दिवसभर. तुला दात येत होते, तू खाली उतरत नव्हतीस. साडी शिकली ती तुम्हा दोघींना मिळून शिकली. ताईला वाटलं असेल आपण एकटीनंच नेसलीय. साडीला कुठं ठाऊक होतं तू वेगळी आहेस ते!"

नभानं मान खाली करून पाहिलं. उजेड तिच्या गालाला चिकटून होता. ती जरा मागे झाली, तो मंदावला. पुन्हा टेकली, पुन्हा आला. तिनं दोनतीनदा तसं करून पाहिलं, लहान मूल दिव्याच्या बटणाशी खेळतं तसं, आणि मग हमसून हमसून रडू लागली. शाल्मलीही रडत होती, पण झुलायची थांबली नव्हती.

"माझी वाट बघत होती ही?" नभा रडता रडता म्हणाली.

"वीस वर्षं बाई. आणि मी तिला भोक म्हणत होते."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मग दारावरची घंटा. देवधरचा आवाज आला, "काकू, साडी तयार आहे ना?"

शाल्मलीनं नभाकडे पाहिलं. साडीत नभाची आई होती, निर्णय नभाचा होता. नभानं तोंड पुसलं, पण कमरेची मिठी सोडली नाही. तिथूनच ओरडून तिनं सांगितलं, "दादा, आज नाही जमायचं! साडी अंगावर आहे!"

मग हळू आवाजात म्हणाली, "माऊ, लग्नात ही तूच नेस. मी तुझ्या डाव्या बाजूला उभी राहीन."

"अगं पण तू काय नेसशील?"

"बघू काहीतरी. साधं सुती सुद्धा चालेल मला."

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि गल्लीच्या टोकाला जाऊन विरून गेला. दोघी बराच वेळ तशाच झुलत राहिल्या.